कंट्रोलच्या वेली

मी पोचले तेव्हा सगळी बाग मेलेली होती.

२००२चा जानेवारी. कॅलिफोर्नियाच्या मधल्या खोऱ्यातलं विद्यापीठ, हॉर्टिकल्चरची पीएच.डी. आणि माझा पहिलाच आठवडा. गाइडनी मला त्यांच्या पिकअपमध्ये बसवून प्रयोगाची द्राक्षबाग दाखवायला नेलं. धुकं इतकं की गाडीचं बॉनेट दिसेना. उतरून पाहते तर ओळीच्या ओळी नुसत्या काळ्या खुंटांच्या आणि वाळक्या काड्यांच्या, औषधाला हिरवं पान नाही. मी नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागेत वाढलेली मुलगी. इतकी उघडी बाग मी एकदाच पाहिली होती, गारपीट झाली त्या वर्षी. घाबरत घाबरत विचारलं, "सर, कुठला रोग आला?"

ते म्हणाले, "हिवाळा."

आमच्याकडे वेलीला झोपूच देत नाहीत. फळं उतरली की एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे सगळ्या काड्या एकच डोळा, कोंब फुटायची जागा, ठेवून खरडून काढायच्या. ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. बिचारी वर्षातून दोनदा कापली जाते आणि दोनदा निमूट फुटते. इथल्या वेलीला मात्र पानं गाळून महिनोन्महिने पडून राहायची हक्काची रजा. कृषी महाविद्यालयात हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. पण वाचणं वेगळं आणि समोर अख्खी बाग मसणवटीसारखी उभी असणं वेगळं.

त्यानंतर धक्के खायची मला सवयच लागली. हे एवढे नावाजलेले प्रोफेसर ट्रॅक्टरखाली पाठीवर आडवे पडून नट पिळताना दिसले. वर मला म्हणाले, मला नावाने हाक मार. माझी जीभ काही शेवटपर्यंत रेटली नाही. मी "सर" म्हणत राहिले आणि ते दरवेळी हसत राहिले. बेदाणे करायची द्राक्षं चक्क ओळींच्या मधोमध मातीवर कागद टाकून वाळत घातलेली पाहिली, तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, खोटं बोलू नकोस.

पण सगळ्यात मोठा धक्का कंट्रोलचा. माझा प्रयोग सोपा होता: छाटताना वेलीवर किती डोळे ठेवले तर फळ किती आणि कसं येतं. कुठल्या वेलीवर कमी, कुठल्या वेलीवर जास्त. आणि प्रत्येक ओळीत मधूनमधून एक वेल अशी, की तिला कात्री लावायचीच नाही. तीच कंट्रोल. बाकीच्यांमध्ये काय फरक पडला ते तिच्याशी ताडून बघायचं. हे मला समजत होतं, पण डोळ्यांना सोसत नव्हतं. न छाटलेली वेल बागेत ठेवायची म्हणजे पोराला न विंचरता शाळेत पाठवायचं. मी एकदा सरांना म्हणाले, निदान वाळक्या काड्या तरी काढू का? तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची वेल कुठली? जिला तू काहीही करत नाहीस ती."

पहिल्या, २००३च्या हंगामाचे आकडे चांगले आले. दुसऱ्या हंगामाचे आले की झालं, कारण एका हंगामावर कुणी विश्वास ठेवत नाही. तिसरा हंगाम मिळणार नव्हता. ती बाग म्हातारी झाली होती आणि त्या सुगीनंतर ती उपटून तिथे दुसऱ्या कुणाचा तरी प्रयोग लागणार, हे ठरूनच गेलं होतं. म्हणजे माझी पदवी त्या एका उन्हाळ्यावर टांगलेली होती. मी हे रोज मनात म्हणायची, परीक्षेआधी पाढे म्हणावेत तसं.

त्याच वर्षी, २००४च्या वसंतात, माझे वडील आले.

वडिलांबद्दल एवढं सांगितलं की पुरे: आमच्या गावात छाटणी कधी धरायची ते त्यांना विचारून ठरवायचे. ते स्वतः कुणालाच विचारायचे नाहीत. बागेत उभे राहायचे, एक काडी वाकवून बघायचे आणि म्हणायचे, "उद्या." की सगळ्या शिवारात उद्या. त्या वर्षी माल लवकर उतरला होता. बाग चुलत्यांच्या हवाली करून, आईने हट्टाने पाठवलं म्हणून ते दोन महिन्यांसाठी आले. आई स्वतः विमानाला घाबरून मागे राहिली.

पहिला आठवडा त्यांनी माझ्या अपार्टमेंटच्या पायऱ्यांवर बसून काढला. "इथं रस्त्यावर माणूस दिसत नाही गं," म्हणायचे. पाडव्याला मी त्यांना क्युपर्टिनोला घेऊन गेले. तिथले एक काका-काकू मला सणावाराला बोलवायचे. दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. पहिल्या भेटीत काकूंनी मला विचारलं होतं, "हॉर्टिकल्चर? म्हणजे गार्डनिंगमध्ये पीएच.डी.?" आणि मी रागाने "हो, कुंडीत पाणी किती घालायचं त्याच्यात" म्हणाले होते. तेव्हापासून आमचं छान जमलं.

बांबू मिळेना म्हणून पॅटिओत पडद्याच्या रॉडला गुढी उभारली होती. श्रीखंड झाल्यावर काकांनी वडिलांना विचारलं, "मग, कसं वाटतंय अमेरिकेत?"

"सगळं चांगलंय. हाताला काम नाही तेवढं."

"अहो, रिलॅक्स करा ना! एंजॉय करा. आम्ही इथे व्हेकेशनसाठी मरतोय, यार."

त्यांचा मुलगा सोफ्यावर उलटा लोंबकळत होता. त्याने विचारलं, "आजोबा, व्हॉट डू यू डू?" मी भाषांतर केलं. वडील म्हणाले, "छाटणी." तेही मी सांगितलं. मुलगा म्हणाला, "लाइक अ हेअरकट?" वडिलांना ते इतकं आवडलं की परतीच्या वाटेवर ते दोनदा एकटेच हसले. "वेलीची हजामत," म्हणाले. मग, "घरी आता खरड छाटणी चालू झाली असंल. जन्मात पहिल्यांदा मी नाही."

वाटेत हार्डवेअरचं मोठं दुकान लागलं तिथे मी गाडी थांबवली. बागेच्या सामानाची अख्खी भिंत पाहून ते देवळात उभे राहावेत तसे उभे राहिले. लाल मुठीची एक कात्री त्यांनी उचलली, उघडली, मिटली, अंगठ्याने पातं पाहिलं, परत ठेवली, परत उचलली. मी ती घेऊन दिली. "घरी न्यायला," मी म्हणाले. घरी न्यायला म्हणाले, हे मला पक्कं आठवतं.

दोन दिवसांनी त्यांना बाग दाखवायला नेलं. सरही होते. त्यांनी वडिलांशी हात मिळवला आणि दोघांनी आपापल्या भाषेत एकमेकांना पुष्कळ काही सांगितलं. मग मी ओळीतून फिरवलं. हिवाळ्यातच सगळी छाटणी झालेली होती. वेली नीटनेटक्या आणि डोळे नुकते फुगायला लागलेले. मधूनच एक वेल झिपऱ्या सोडून उभी.

"हिला कुणी हात नाही लावला?" वडिलांनी विचारलं.

"ती कंट्रोलची आहे."

"कंट्रोलची?"

"हो. अशा दिसतात ना त्या सगळ्या कंट्रोलच्या. त्यांना काही करायचं नाही."

वडिलांनी त्या वेलीकडे बघितलं, लांब उभ्या सरांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "अमेरिकेत पण?" ते म्हणाले. मी वेलींची लेबलं तपासत होते. काहीतरी "हो" म्हणून गेले.

त्या आठवड्यात गुरुवारी माझं दिवसभर काम होतं, सकाळी क्लास आणि दुपारी पहिल्या वर्षाच्या मुलांची लॅब. वडील म्हणाले, मला बागेत सोड, मी बसतो सावलीला, घरात जीव गुदमरतो. मी डबा दिला, पाण्याची बाटली दिली, टोपी दिली. कात्री त्यांच्या झब्ब्याच्या खिशात होती हे मला दिसलं नाही.

संध्याकाळी गाडी लावून मी ओळीत शिरले. वडील एका उलट्या बादलीवर बसले होते. घामाने झब्बा पाठीला चिकटलेला, चेहरा असा खुललेला की आल्यापासून मी तसा पाहिला नव्हता. ते उठून उभे राहिले.

"ताई, तुझ्या कंट्रोलच्या वेली पार केल्या बघ."

मला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग समोरची वेल दिसली. सगळ्या काड्या एका डोळ्यावर, कापलेलं सगळं खाली बुंध्याशी गठ्ठा बांधल्यासारखं रचलेलं. मी पुढच्या वेलीकडे गेले, मग तिच्या पुढच्या. मग पळत सुटले, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत. एकही सुटली नव्हती. ज्या वेलींना मी दोन वर्षं श्वाससुद्धा लागू दिला नव्हता, त्या सगळ्यांची स्वच्छ, सुरेख, आमच्या गावात कुणाला जमली नसती अशी खरड छाटणी झाली होती. मी तिथेच मातीत बसले.

वडील मागून येत होते आणि बोलत होते. "सगळ्यांच्या वेली छाटल्या, बाकीचं काम कसं झकास, आणि तुझ्या वाट्याला तेवढा कंट्रोलचा माल. परकी पोर म्हणून. मी त्या दिवशीच ओळखलं. म्हटलं, भांडण नको, पण आपल्या हाताने नीट करून देऊ. आता बघ, ह्यांच्या वेलींपेक्षा तुझ्या वेली सरस फुटतील."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या गावात रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. कंट्रोलचा गहू, कंट्रोलचं रॉकेल. आणि मग जे जे कमअस्सल, कुणाला नको म्हणून गरिबाच्या गळ्यात मारलेलं, ते सगळं कंट्रोलचं. लहानपणी माझ्या एका फ्रॉकलासुद्धा मैत्रिणी कंट्रोलचा म्हणायच्या आणि मी रडत घरी यायची. हा शब्द मी दोन वर्षं दिवसातून शंभरदा बोलत होते आणि मला तो एकदाही आठवला नव्हता.

सरांना फोन करावाच लागला. ते आले, दोन-तीन ओळी फिरून आले आणि पिकअपच्या मागच्या फळीवर बसले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या."

"का, ते विचार."

मी विचारलं नाही, मला माहीत होतं. मी त्यांना रेशनच्या दुकानाबद्दल सांगितलं, तिथल्या सडक्या तांदळाबद्दल सांगितलं, आणि माझे वडील काय समजले ते सांगितलं. सांगताना मला हुंदका येत होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्हींची लाज वाटत होती. सर म्हणाले, "त्यांना वाटलं, मी तुला निकृष्ट वेली दिल्या."

"हो."

ते उठले, वडिलांपाशी गेले, एका वेलीवरचा काप बोटाने चाचपला आणि मान हलवली, चांगला आहे अशा अर्थाने. वडिलांनी ती शाबासकी समजून छाती फुगवली. मला ते बघवेना. सर गाडीत बसता बसता मला म्हणाले, "या हंगामाचं काही छापता येणार नाही. तुला ते कळलंय ना?" मला कळलं होतं.

घरी येऊन मी ताटं वाढली. वडिलांनी भाताचा घास हातात धरून विचारलं, "गारपीट झाल्यासारखं तोंड करून का बसलीस?"

तेव्हा सांगितलं. दुसरा शब्दच सुचेना म्हणून तराजूवर आले. "आण्णा, माल मोजायचा तर दुसऱ्या पारड्यात वजन लागतं ना? ती वजनं होती. तुम्ही वजनं कापलीत."

घास तसाच ताटात परत गेला. माझे वडील, ज्यांच्या एका शब्दावर शिवारभर कात्र्या चालायच्या, ते माझ्यासमोर इतके लहान दिसले की माझा राग कुठच्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली. मग म्हणाले, "काड्या आहेत तिथंच. कलम बांधून नाही जमायचं?"

"नाही, आण्णा."

"दुसरा बाग?"

"दुसरीकडे नव्याने सुरू करावं लागेल. दोन वर्षं जातील."

"आपला बाग घे. आपल्या बागेतल्या नाही छाटत मी. तिथं मोज."

मी त्यांना समजावलं की तसं चालत नाही. माती वेगळी, हवा वेगळी, जात वेगळी. ते मान हलवत राहिले. पण मला माहीत होतं, त्यांना काही ऐकू येत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी तिकीट अलीकडचं करून घेतलं. विमानतळावर तपासणीच्या रांगेआधीच बूट सोडायला खाली वाकले आणि तसेच म्हणाले, "सरांना सांग, माझी चूक. तुझी नाही." आयुष्यात त्यांच्या तोंडून चूक हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मी त्यांच्या पाया पडायचंसुद्धा विसरले.

बाग सुगीनंतर ठरल्याप्रमाणे उपटली. सरांनी खटपट करून मला दुसऱ्या शेतावर ओळी मिळवून दिल्या. तिथे मी नव्याने सगळं मांडलं. इतर पोरं पदव्या घेऊन गेली, माझ्यामागून आलेलीही गेली. त्या वर्षांत मी घरी गेले नाही. एक तर हंगाम सोडून जाता येत नव्हतं आणि दुसरं म्हणजे व्हिसाचा शिक्का परत मिळेल की नाही याची धास्ती. दर रविवारी फोन व्हायचा. वडील पाऊसपाणी, भाव, चुलत्यांची भांडणं, सगळं सांगायचे. वेलींबद्दल अवाक्षर नाही.

पदवी मिळाली २००७ मध्ये. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये मी घरी गेले.

खरड छाटणी चालू होती. बाग बघायला निघाले तेव्हा आई मागून म्हणाली, "कडेची ओळ बघून घाबरू नकोस. त्या ओळीवरून चार वर्षं झाली आमचं रोज भांडण." मी समजले, काहीतरी रोग असेल.

सगळी बाग खरडून स्वच्छ झाली होती आणि कडेला एक अख्खी ओळ रान माजल्यासारखी उभी होती. काड्यांवर काड्या, तारा वाकलेल्या, भुरीच्या रोगाने पांढरी पडलेली पानं, आत बोटभर वाळके घड लोंबकळत होते. शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन, त्या ओळीवर वेगळं गंधक मारून, गावाच्या दृष्टीने वेडे ठरून माझ्या वडिलांनी ती तशी राखली होती. मी परत एकदा मातीत बसायची बाकी राहिले.

"आण्णा, हे काय?"

"कंट्रोल," ते म्हणाले. आता त्यांना तो शब्द नीट येत होता. "तू आली की मोजशील म्हणून ठेवली. घाई नाही."

मला पदवी मिळून वर्ष होत आलं होतं. त्या ओळीचा कुणालाही, कधीही, काडीचा उपयोग नव्हता. मी घरात गेले, आईच्या शिलाई मशीनच्या खणातून टेप आणली, आणि दुपारभर एकेक वेल मोजली: काड्या, डोळे, घड, सगळं, तिकडे मोजायची तसंच. वडील प्रत्येक वेलीपाशी उन्हात उभे होते.

शेवटची वेल झाली. मी टेप गुंडाळली आणि म्हणाले, "झालं, आण्णा."

त्यांनी खिशातून लाल मुठीची कात्री काढली. मुठीचा रंग घासून घासून गेला होता. पहिली काडी त्यांनी वाकवून धरली, पातं लावलं आणि थांबले. मग माझ्याकडे वळून बघितलं.

"कापू?" त्यांनी विचारलं.